तारा, नांगर आणि मालमोटार: मर्सिडीजच्या आकर्षणाचा आढावा

औंधच्या यमाईच्या यात्रेत किंवा आटपाडी-विट्याकडच्या कुठल्याही गावजत्रेत परराज्यांच्या नंबरपाट्यांच्या मोटारी हमखास दिसतात. सोने-चांदी शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायात इथली कुटुंबे पिढ्यान् पिढ्या देशभरच्या सराफ बाजारांत पसरली आहेत आणि सणाला, जत्रेला ती गावी येतात. दुष्काळी मुलखातून बाहेर पडून कष्टाने उभ्या राहिलेल्या या माणसांच्या गाड्यांमध्ये एखादी तीन टोकांच्या ताऱ्याची असली, तर ती कोणती हे कुणाला सांगावे लागत नाही. शाळेतल्या मुलालाही ती ओळखता येते.

जर्मनीतल्या एका कंपनीची खूण माणदेशातल्या मुलाला ओळखीची व्हावी, यामागे सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. तो सहसा राजेरजवाडे, नट आणि उद्योगपती यांच्या गाड्यांच्या रूपाने सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो. मर्सिडीजचे मोठेपण तिच्या मालकांनी घडवले नाही, ते कारागिरांनी घडवले. महाराष्ट्राचे या कंपनीशी असलेले खरे नातेही आलिशान मोटारीपेक्षा मालमोटारीतून आणि कारखान्यातून जडले आहे. या आकर्षणाचा हिशेब मांडायचा तर आधी तिथून सुरुवात केली पाहिजे.

कारागिरांची पहिली पिढी

या कंपनीचे मूळ पुरुष श्रीमंत घरातले नव्हते. कार्ल बेंझ यांचे वडील रेल्वे इंजिनचालक होते आणि मुलगा दोन वर्षांचा असतानाच ते वारले. विल्हेल्म मायबाख दहाव्या वर्षी अनाथ झाले. रॉयटलिंगेन गावातल्या एका धर्मादाय संस्थेत ते वाढले आणि तिथल्याच कार्यशाळेत गोटलीब डाइमलर यांनी त्यांची हुशारी हेरली. पुढे या दोघांनी कानश्टाटमध्ये हलके, वेगाने फिरणारे पेट्रोल इंजिन बनवले. तिकडे मानहाइममध्ये बेंझ स्वतंत्रपणे त्याच ध्यासाने झपाटले होते. २९ जानेवारी १८८६ रोजी त्यांनी आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. एका सिलिंडरच्या त्या इंजिनाची ताकद एका अश्वशक्तीपेक्षाही कमी होती आणि गाडीला सायकलसारखी तारांची चाके होती.

ही गाडी लोकांपुढे नेली ती बेंझ यांच्या पत्नी बेर्टा यांनी. लग्नाआधीच त्यांनी आपल्या हुंड्याचा पैसा कार्ल यांच्या अडचणीत आलेल्या कार्यशाळेत घातला होता. ऑगस्ट १८८८ मध्ये दोन मुलांना बरोबर घेऊन त्या मानहाइमहून शंभरेक किलोमीटरवरच्या फोर्ट्सहाइमला मोटार चालवत गेल्या. वाटेत इंधन औषधाच्या दुकानातून घेतले, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि झिजलेल्या ब्रेकला चांभाराकडून चामडे लावून घेतले. परतल्यावर चढणीसाठी जादा गिअर हवा अशी सूचनाही त्यांनी केली. वाहन वापरून पाहायचे, कुठे कमी पडते ते नोंदवायचे आणि सुधारायचे, हा या कंपनीचा पुढचा सगळा शिरस्ता त्या एका प्रवासात दिसतो.

त्याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर सायकलींच्या व्यवसायात शिरले. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला जन्म त्याच वर्षापासून मोजतो. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण यंत्राची ओढ सायकलीपासून सुरू होण्याचा तो काळ जर्मनीत होता तसा आपल्याकडेही होता, एवढे त्यातून कळते.

नाव, तारा आणि विलीनीकरण

मर्सिडीज हे नाव कंपनीच्या संस्थापकांपैकी कोणाचेच नाही. एमिल येलिनेक हे नीस शहरात राहणारे ऑस्ट्रियन व्यापारी डाइमलरच्या गाड्या विकत आणि शर्यतीत उतरवत. जुन्या गाड्या उंच आणि बेभरवशाच्या आहेत, त्या बुटक्या, लांब आणि ताकदवान करा, असा हट्ट त्यांनी धरला आणि एकदम ३६ गाड्यांची मागणी नोंदवली. नव्या गाडीला त्यांच्या मुलीचे नाव द्यायचे ठरले. मायबाख यांनी बनवलेली ही ३५ अश्वशक्तीची गाडी डिसेंबर १९०० मध्ये तयार झाली आणि १९०१ च्या नीसमधल्या शर्यतींत तिने बाकीच्यांना मागे टाकले. दाबलेल्या पोलादाची चौकट, पोळ्यासारखा रेडिएटर आणि जमिनीलगतचा बांधा यांमुळे घोडागाडीला इंजिन जोडण्याचा जमाना मागे पडला आणि मोटारीला तिचे स्वतःचे रूप मिळाले.

१९०९ मध्ये डाइमलर कंपनीने तीन टोकांच्या ताऱ्याची खूण नोंदवली. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणी आपली इंजिने चालावीत ही त्यामागची आकांक्षा होती. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीची अर्थव्यवस्था कोसळली, तेव्हा एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या डाइमलर आणि बेंझ या दोन जुन्या कंपन्यांना एकत्र येण्यावाचून गत्यंतर उरले नाही. २८ जून १९२६ रोजी डाइमलर-बेंझ ही कंपनी झाली. डाइमलरचा तारा आणि बेंझची लॉरेलच्या पानांची माळ एका खुणेत आली.

संस्थानी काळातले दोन रस्ते

या इतिहासाचा एक जिवंत तुकडा आपल्या जवळच आहे. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्यातली मंडळी न्यू पॅलेसहून दसरा चौकात येतात ती जुन्या मेबॅक मोटारीतून. करवीरकर या गाडीला मेबॅक म्हणतात. ती विल्हेल्म मायबाख यांचे चिरंजीव कार्ल यांच्या कंपनीची. झेपेलिन हवाईजहाजांची इंजिने बनवणाऱ्या या कंपनीने १९२१ ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे १,८०० मोटारी बनवल्या. कंपनी इंजिन आणि सांगाडा देई, वरचे शरीर गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे दुसरे कारागीर बांधत. इतक्या थोड्या गाड्यांपैकी एक कोल्हापूरला यावी आणि आजही सोने लुटण्याच्या सोहळ्यात चालत्या स्थितीत असावी, ही ती सांभाळणाऱ्यांच्या हातांची करामत आहे. लांबलचक बॉनेट, उभा रेडिएटर आणि गर्दीतून चालण्याच्या गतीने सरकणारे ते धूड पाहताना, इतक्या संथ चालीतही न गुदमरणारे इंजिन ज्यांनी बनवले त्यांचे कौतुक वाटते. ज्यांनी ते इतकी दशके जिवंत ठेवले त्यांचेही वाटते.

मर्सिडीज, मेबॅक यांच्याकडे पाहण्याचा हा एक रस्ता झाला: उत्तम वस्तू मिळवायची आणि जपायची. दुसरा रस्ता औंधने दाखवला. औंध संस्थान ७२ गावांचे, तेही एकसंध नव्हते. औंध, कुंडल, आटपाडी असे त्याचे तुकडे विखुरलेले होते. पाऊस कमी, वसूल त्याहून कमी. पण १९०९ मध्ये गादीवर आलेल्या भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींना उद्योगाची जाण होती. बेळगावातली जागा सोडावी लागून हवालदिल झालेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ओसाड जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. लोखंडी नांगर, चरक, हातपंप, रहाट अशी शेतकऱ्याच्या उपयोगाची यंत्रे तिथे बनली आणि ती बनवणारे फिटर, मोल्डर, टर्नर आसपासच्या खेड्यांतूनच तयार झाले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून इथे नांगर ओतले गेले. १९१६ मध्ये कराडजवळ, औंधच्याच मुलखात, ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला आणि प्रभाकर कंदील घरोघर गेले.

हा सगळा भाग मर्सिडीजच्या लेखात आणण्याचे कारण असे की कानश्टाट आणि मानहाइममध्ये जे घडले त्याच्या अगदी जवळचे काही महाराष्ट्रात घडले असेल, तर ते इथे घडले. तिथे बेर्टाच्या हुंड्याने जे काम केले, ते इथे एका छोट्या संस्थानिकाच्या कर्जाने केले. विकत घेता येण्याजोगी वस्तू आणण्यापेक्षा ती घडवणारा माणूस आणण्यावर बाळासाहेबांनी पैसा लावला. या मुलखातल्या कारखानदारीचा पाया त्या निवडीत आहे.

काळे पान

मर्सिडीजच्या वारशाबद्दल लिहिताना १९३३ ते १९४५ हा काळ वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नाझी नेते याच कंपनीच्या मोटारींतून मिरवत आणि कंपनी युद्धसामग्री बनवत होती. १९४४ मध्ये तिच्या कामगारांपैकी जवळपास निम्मे सक्तीने आणलेले नागरिक, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले बंदी होते. ऐंशीच्या दशकात कंपनीने आपल्या त्या काळाचा अभ्यास इतिहासकारांकडून करून घेतला आणि पुढे जर्मन उद्योगांनी उभारलेल्या नुकसानभरपाईच्या निधीत वाटाही उचलला. कारागिरीला विवेकाची जोड नसेल तर तीच कारागिरी कुणाच्या हाती जाते, हे या पानावर दिसते. ताऱ्याचे कौतुक करणाऱ्याने ते वाचलेच पाहिजे.

मालमोटारीतून आलेला बेंझ

युद्धातून उद्ध्वस्त होऊन बाहेर पडलेल्या कंपनीला भारतात जागा मिळाली ती आलिशान गाडीमुळे नव्हे. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून त्याच वर्षी ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ मालमोटारी बाहेर पडू लागल्या. पुढच्या नाकाडावर तारा असलेल्या या एल ३१२ गाड्यांनी देशातल्या रस्त्यांचे रूप पालटले. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या लॉऱ्यांच्या तुलनेत डिझेलचे हे सहा सिलिंडरचे इंजिन कमी खर्चात जास्त ओझे ओढी. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहिले तेही याच दशकांत, आणि ऊस, गूळ, द्राक्षे, हळद यांची वाहतूक अशाच गाड्यांच्या जिवावर वाढली.

मर्सिडीजबद्दलचा आपल्या लोकांचा विश्वास रुजला तो इथे, हमरस्त्यालगतच्या गॅरेजांत. एखाद्या जुन्या मालमोटारीचे इंजिन बांधायला काढलेले पाहा. फाउंडेशनवरून इंजिन उतरवून लाकडी ठोकळ्यांवर ठेवतात. हेड काढले की एका ओळीत सहा सिलिंडर दिसतात. मिस्त्री बोट फिरवून लायनरला पायरी पडली का ते बघतो. पडली असेल तर नवे लायनर, पिस्टन, रिंगा. क्रँक ग्राइंडिंगला जातो, बेअरिंगे बदलली जातात, फ्यूएल पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला. बोल्ट किती आवळायचा ते मिस्त्रीच्या मनगटाला ठाऊक असते. काही दिवसांत तेच इंजिन पुन्हा लाखो किलोमीटरच्या कामाला तयार होते. जे यंत्र पुन्हा पुन्हा खोलता येते, समजून घेता येते आणि जोडता येते, त्याच्यावर माणसे जीव लावतात. कंपनीच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा या मिस्त्रींनी आणि ड्रायव्हरांनी तिचे नाव गावोगाव जास्त पोचवले.

१९६९ मध्ये करार संपला आणि गाड्यांवरचा तारा जाऊन टाटांची खूण आली. पण शिकलेले मागे राहिले. ट्रक ओळखण्याची आपल्याकडची आकड्यांची रीतही त्याच घराण्याची. ‘बारा-दहा’ म्हणजे १२ टनांची, १०० अश्वशक्तीची गाडी. या शिक्षणाला खरे स्वातंत्र्य दिले ते टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी. परदेशी नकाशावरून गाडी जोडत राहणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. १९६६ मध्ये पुण्यात संशोधन केंद्र सुरू झाले. पुण्याच्या कारखान्यात त्यांनी आधी यंत्रहत्यारे आणि प्रशिक्षणार्थी कामगार घडवण्यावर भर दिला, मोठे उत्पादन नंतर. त्यातूनच १९८६ मध्ये स्वतः आराखडा केलेली ४०७ आली आणि जपानी भागीदारीतल्या छोट्या ट्रकांच्या लाटेपुढे ती टिकून राहिली. औंधच्या माळावर लक्ष्मणरावांनी माणसे घडवली, पिंपरीत मुळगावकरांनी. दोघांमधला हा धागा मला या आढाव्यात सर्वांत मोलाचा वाटतो.

विश्वास कशातून आला, कशाने ढळला

आलिशान मोटारींच्या बाजूनेही कंपनीची पुंजी शेवटी अभियांत्रिकीचीच आहे. १९३६ मध्ये तिने २६० डी ही नियमित उत्पादनातली पहिली डिझेल प्रवासी मोटार म्हणून ओळखली जाणारी गाडी आणली. १९५४ ची ३०० एसएल पंखासारख्या वर उघडणाऱ्या दारांसाठी प्रसिद्ध झाली. पण त्या दारांचे कारण शोभा नव्हते. नळ्यांची चौकट मजबूत ठेवायची तर बाजू उंच ठेवावी लागे, म्हणून दार वर उघडावे लागले. बेला बारेनी या अभियंत्याने अपघातात गाडीचा पुढचा-मागचा भाग चुरगळून धक्का शोषून घेईल आणि मधला भाग शाबूत राहील अशी रचना मांडली. १९५९ मध्ये ती प्रत्यक्ष गाडीत आली. १९७८ मध्ये बॉशच्या सहकार्याने ब्रेक जाम न होऊ देणारी एबीएस यंत्रणा आणि पुढे एअरबॅग, हे दोन्ही आधी कंपनीच्या एस-क्लास मोटारींत दिसले. आज साध्या गाडीतही ते मिळते. महागड्या गाडीत जे सिद्ध होते ते काही वर्षांत सर्वांच्या जिवाचे रक्षण करू लागते. आलिशान मोटारीचे समाजाला मिळालेले खरे देणे हेच म्हणायला हवे.

हा विश्वास ढळल्याचीही उदाहरणे आहेत. १९९७ मध्ये छोटी ए-क्लास गाडी स्वीडनमधल्या एका चाचणीत अडथळा चुकवताना उलटली. कंपनीने विक्री थांबवली, गाडी सुधारली आणि घसरण रोखणारी ईएसपी यंत्रणा प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लरशी केलेले लग्न २००७ मध्ये मोडले आणि मधल्या काळात गंज, विजेचे बिघाड अशा तक्रारींनी कंपनीचा लौकिक उतरला. २०२० मध्ये डिझेल गाड्यांच्या धुराविषयीच्या गैरप्रकारांबद्दल अमेरिकेत सुमारे दीड अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. ए-क्लासच्या वेळी चूक उघड मान्य करून ती दुरुस्त झाली, म्हणून विश्वास परत आला. धुराच्या प्रकरणात तो तसा परत आला असे म्हणता येत नाही.

पिंपरी, चाकण आणि छत्रपती संभाजीनगर

आर्थिक उदारीकरणानंतर कंपनी पुन्हा भारतात आली ती पुण्याला. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली आणि टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारात ई-क्लास गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. इतर जर्मन आलिशान कंपन्या इथे येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. २००९ मध्ये चाकणला स्वतंत्र कारखाना झाला. २०२२ पासून तिथे मेबॅक नावाची एस-क्लासही जोडली जाते. १९६० च्या सुमारास मेबॅक डाइमलर-बेंझकडे आली होती. दसरा चौकातल्या गाडीचे नाव आज पुणे जिल्ह्यातल्या कामगारांच्या हातून रस्त्यावर येते.

पण चाकणला काय होते ते नीट समजून घ्यावे. तयार गाडी आयात केली तर कर जबर बसतो. सुटे भाग आणून इथे जोडले तर बराच कमी. म्हणून बऱ्याच गाड्यांचे मोठे भाग परदेशातून येतात आणि इथे जुळवणी होते. कंपनीचे भारतातले संशोधनाचे मुख्य काम बंगळूरला आहे, पुण्यात त्याची शाखा. म्हणजे विचार एकीकडे आणि जोडणी दुसरीकडे. यात महाराष्ट्राच्या पदरी सगळ्यात चांगले काय पडले, असे विचारले तर मी शासकीय तंत्रनिकेतन, पुणे इथल्या मोटार मेकॅट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमाकडे बोट दाखवीन. कंपनीच्या मदतीने चालणाऱ्या या अभ्यासक्रमात यंत्र, वीज आणि संगणक या तिन्हींचे ज्ञान प्रत्यक्ष गाडीवर काम करून मिळते. वर्ग आणि कारखाना बरोबरीने चालवण्याची ही जर्मन रीत किर्लोस्करवाडीला अनोळखी वाटली नसती.

या गाडीविषयीच्या ओढीचे सर्वांत ठळक दर्शन २०१० च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत झाले. तिथल्या उद्योजक, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक अशा मंडळींनी एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीज गाड्या एकदम खरेदी केल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. मराठवाड्याच्या दारिद्र्याचीच चर्चा करणाऱ्यांना आपले शहर दाखवून द्यावे, ही भावना त्यामागे होती. ती समजण्यासारखी आहे. मागास ठरवलेल्या भागातल्या माणसाला आपणही कमी नाही हे सांगायला जगाने मान्य केलेली खूण लागते. आटपाडीचा गलाईवाला गावी गाडी आणतो तेव्हाही हेच सांगत असतो. त्याने दारिद्र्यावर मिळवलेल्या विजयाचा मला मनापासून आदर आहे.

तरीही गाडी विकत घेण्याने प्रतिष्ठा मिळते ती त्या घरापुरती. गाडी घडवता येण्याने मिळते ती साऱ्या प्रदेशाला. औंध, आटपाडी, किर्लोस्करवाडी इथला वारसा दुसऱ्या प्रकारचा आहे आणि तो जुना झाला म्हणून संपलेला नाही. विजेच्या मोटारींच्या काळात इंजिनाची जागा बॅटरी, मोटर आणि संगणकाच्या आज्ञावली घेत आहेत. ज्या कामात जर्मनीची शंभर वर्षांची आघाडी होती, त्यातला मोठा भाग पुन्हा पहिल्या पानापासून लिहिला जातो आहे. अशी वेळ १८८८ नंतर आताच आली आहे. खटाव, आटपाडी, पलूस या तालुक्यांतल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत पुण्यासारखा, प्रत्यक्ष गाडी खोलून शिकवणारा अभ्यासक्रम मराठीतून सुरू व्हावा आणि चाकणच्या कारखान्यांनी त्यात शिकाऊ उमेदवार घ्यावेत. परदेशी कंपनीला जमीन आणि सवलती देताना शासनाने ही अट घालावी. बाळासाहेबांच्या तुटपुंज्या तिजोरीला जे पेलले ते महाराष्ट्र शासनाला नक्कीच पेलेल.